ताट वेगळे केले, साखर तपासायची सुई मात्र एकच

प्रश्न : माझे वय ३१ आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि आमची अकरा महिन्यांची मुलगी. माझी थोरली नणंद, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्या गेल्या दिवाळीनंतर नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन कायमच्या माहेरी आल्या आहेत. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी क्षयाने गेले आणि त्याच वेळी तपासणीत दोघांनाही एचआयव्ही असल्याचे कळले. मुलाचा अहवाल निगेटिव्ह आहे. वन्सं तेव्हापासून सरकारी रुग्णालयातून आणलेली गोळी रोज रात्री न चुकता घेतात. त्यांच्या शेवटच्या कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ आम्हाला कळलेला नाही. सासूबाईंनी त्यांचे ताट, पेला, साबण, अंथरूण सगळे वेगळे केले आहे आणि त्यांना मागची अडगळीची खोली दिली आहे. वन्सं बाळाला घेतात, तिचे पापे घेतात. परवा त्यांनी शेंगदाणा स्वतः चावून तिच्या तोंडात घातला आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या काही वाईट मनाच्या नाहीत. सासूबाईंची साखर तपासण्यापासून सगळे त्याच बघतात, कधी कधी हौसेने आमचीही बोटे टोचून साखर बघतात. पण मला रात्री झोप येत नाही. एका घरात राहून हा रोग आम्हाला लागेल का? आणि गौरीच्या नैवेद्याचा स्वयंपाक त्यांना करू द्यावा का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे सगळे शांतपणे वाचता येईल. एका घरात राहून, एका पंगतीत जेवून, एकाच न्हाणीघरात अंघोळ करून आणि एकच संडास वापरून एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. वन्संचे ताट, पेला, साबण आणि अंथरूण वेगळे करून तुमच्या घराने स्वतःचे तसूभरही रक्षण केलेले नाही. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या तुम्ही ओघात लिहून गेलात आणि ज्यांच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे. त्यातली एक तुम्हाला जाणवली आहे, शेंगदाण्याची. दुसरी मात्र तुमच्या ध्यानातही आलेली दिसत नाही, ती म्हणजे बोट टोचण्याची सुई.

सुईपासूनच सुरुवात करतो. साखर तपासण्याच्या यंत्राबरोबर पेनासारखे एक टोचणी यंत्र येते आणि त्यात बसवायच्या बारीक सुया येतात. मधुमेह असलेल्या बहुतेक घरांत सुया वाचवण्यासाठी एकच सुई चार-चार दिवस वापरतात, आणि पाहुणे आले की ‘बघू तुमची किती आहे’ म्हणत तीच सुई सगळ्यांच्या बोटांत फिरते. हे मी असंख्य घरांत पाहिले आहे आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो, त्या घरात एचआयव्ही असो वा नसो. ही सुई पोकळ नसते, तिला लागणारे रक्त अगदी थोडे असते, त्यामुळे तिच्यातून एचआयव्ही जाण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र रक्तातून पसरणारे इतर विषाणू, विशेषतः हिपॅटायटिस बी, याच वाटेने सहज जातात, आणि अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत सामायिक टोचणी यंत्रांमुळे या काविळीच्या साथी आल्याची नोंद आहे. तुलनेसाठी सांगतो : रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याच्या हातात घुसली, तर एचआयव्हीचा संसर्ग हजार घटनांमागे साधारण तीन वेळा होतो, हिपॅटायटिस बीचा मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहा ते तीस वेळा होऊ शकतो. म्हणून टोचणी यंत्र फक्त सासूबाईंचे राहू द्या आणि सुई दर वेळी नवी घ्या. तुम्हाला किंवा तुमच्या यजमानांना साखर बघायची असेल तर स्वतःचे वेगळे यंत्र आणा किंवा प्रयोगशाळेत जा. वन्संचे बोट टोचलेल्या सुईने आणखी कुणाचे बोट टोचले गेले असेल, तर त्या सगळ्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात जाऊन एकदा आता आणि एकदा शेवटच्या टोचणीनंतर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी; ती मोफत असते आणि गुप्त ठेवली जाते. हिपॅटायटिस बीचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या आणि लस झालेली नसेल तर तिची चौकशी करा. अहवाल निगेटिव्ह येतील असे मला वाटते, त्याचे कारण पुढे सांगतो.

आता शेंगदाण्याबद्दल. एरवी लाळेतून एचआयव्ही जात नाही, त्यामुळे पापा घेतल्याने, बाळाचा उष्टा चमचा चाटल्याने किंवा बाळाने आत्याच्या तोंडात बोट घातल्याने काही होत नाही. पण घास चावून भरवणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत असेल आणि बाळाला दात फुटत असल्यामुळे त्याच्याही हिरड्या सोललेल्या असतील, तर रक्ताला वाट मिळू शकते. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रीतीने बाधित झालेल्या तीन बालकांची माहिती प्रसिद्ध केली होती. साऱ्या जगातून अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, तरीही ही सवय मोडावी, आणि ती सगळ्यांचीच मोडावी, फक्त वन्संची नाही. आजीने चावून दिलेल्या घासातूनही किडक्या दातांचे जंतू बाळाच्या तोंडात जातातच. शिवाय अकरा महिन्यांच्या मुलीला अख्खा किंवा अर्धा चावलेला शेंगदाणा देणे हे श्वासनलिकेत अडकण्याच्या दृष्टीने एचआयव्हीपेक्षा कितीतरी जवळचे संकट आहे; कूट करून मऊ भातात कालवून द्या. वन्संना हे सांगताना ‘तुमच्या रोगामुळे’ असे न म्हणता ‘डॉक्टरांनी कुणीच चावून भरवू नये असे सांगितले आहे’ असे सांगा. ते खरेही आहे.

घरातल्या घरात एचआयव्ही ज्या वाटांनी जातो, त्या मुख्यतः दोनच आहेत, आणि दोन्ही वाटा वन्संच्या आयुष्यातून गेलेल्या आहेत. पहिली नवरा-बायकोच्या शरीरसंबंधाची. दुसरी आईकडून बाळाकडे, गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. आईला औषधोपचार मिळाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ असते. आईने वेळेवर औषधे घेतली आणि बाळालाही जन्मल्यावर औषध मिळाले तर ते पाचाच्या खाली येते. तुमचा भाचा निगेटिव्ह आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा निगेटिव्ह अहवाल हा पक्का असतो. त्याच्याबद्दल मनात शंका ठेवण्याचे कारण नाही, आणि तुमची मुलगी त्याच्या पाठीवर बसून घोडा-घोडा खेळली तर तिला खेळू द्या. वन्संना हा संसर्ग बहुधा लग्नाच्या नात्यातून आला असणार, जसा तो आपल्याकडे असंख्य स्त्रियांना आला. तो ताटातून आला नव्हता आणि ताटातून जाणारही नाही.

असे ठामपणे कशाच्या आधारावर सांगता, असे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे. १९८६ साली, म्हणजे भारतात चेन्नईमध्ये पहिल्यांदा एचआयव्ही सापडला त्याच वर्षी, न्यू यॉर्कमधल्या ब्राँक्स भागातल्या डॉक्टरांनी एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरातली १०१ माणसे तपासली. त्यांत ६८ मुले होती. रुग्णांचे लैंगिक जोडीदार यातून वगळले होते. ही सगळी माणसे रुग्णाबरोबर किमान तीन महिने एका घरात राहिलेली होती. ताटे, पेले, टॉवेल, संडास तर सामायिक होतेच, काही घरांत दात घासायचा ब्रश आणि दाढीचे पातेही सामायिक होते. १०१ जणांत केवळ एक पाच वर्षांचा जीव बाधित निघाला आणि तो संसर्गही बहुधा जन्माच्या वेळी आईकडूनच आलेला होता. लक्षात घ्या, त्या काळी एचआयव्हीवर एकही औषध नव्हते आणि रुग्णांच्या रक्तात विषाणूंची अक्षरशः गर्दी असे. पुढे १९९०च्या दशकात घरातल्या घरात, शरीरसंबंधाशिवाय झालेल्या संसर्गाची मोजकी उदाहरणे नोंदवली गेली. त्यांत अंथरुणाला खिळलेल्या मुलाची हातमोज्यांशिवाय शुश्रूषा करणारी एक आईही होती. ती उदाहरणे बारकाईने पाहिली तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी रक्ताचा किंवा रक्तमिश्रित स्रावाचा दुसऱ्याच्या उघड्या जखमेशी किंवा फाटलेल्या त्वचेशी संबंध आलेला दिसतो.

डासांचेही तसेच. सासूबाई डासांना घाबरत असतील तर त्यांना सांगा की डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेले रक्त परत सोडत नाही, आणि एचआयव्ही डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. डासांनी हा रोग पसरला असता तर मलेरियासारखा तो घरोघरच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना झाला असता.

तुमच्या घरात जे झाले आहे, त्याचा मला राग येत नाही, कारण आम्ही डॉक्टरांनीही तेच केले आहे. १९९०च्या दशकात मी नवा डॉक्टर असताना ज्या रुग्णालयात काम करत होतो, तिथे अशा रुग्णांच्या खाटेला लाल कागद लावलेला असे आणि चहावाला पोऱ्या त्यांच्यासाठी कानतुटका कप वेगळा ठेवी. त्या कपाबद्दल मला काही वाटलेही नाही, ही माझी लाज आहे. एचआयव्हीची भीती आपल्या घरांत शिरली तेव्हा तिला नवी वाट शोधावी लागली नाही. विटाळाची पायवाट आधीपासूनच मळलेली होती. वेगळे भांडे, कोपऱ्यातली जागा, शिवले तर अंघोळ, हे सगळे आपल्याला पाठ होतेच, फक्त कारण नवे मिळाले. सासूबाईंशी बोलताना हे असे तोंडावर बोलू नका, त्या दुखावतील. मनात मात्र असू द्या.

आता त्या कागदाकडे येऊ. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ याचा अर्थ असा की वन्संच्या रक्तात यंत्राला मोजता येईल इतकाही विषाणू सापडला नाही. रोग मुळासकट गेला असा याचा अर्थ नाही. औषध थांबवले तर काही आठवड्यांत विषाणू परत डोके वर काढतो. पण गोळी चालू असेपर्यंत त्यांच्या रक्तातले विषाणूंचे प्रमाण इतके खाली दबलेले असते की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. हे कुणाचे मत नाही : युरोपात झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास आठशे पुरुष जोडप्यांचे सुमारे ७६ हजार निरोधाविना संबंध मोजले गेले आणि उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही, स्त्री-पुरुष जोडप्यांचा समावेश असलेल्या आधीच्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता. सर्वांत धोक्याची म्हणून जी वाट आपण ओळखतो, ती जिथे अशी बंद होते, तिथे पेल्याच्या कडेची काय कथा! सुईमुळे करायच्या रक्ततपासणीचे अहवाल निगेटिव्ह येतील असे मी वर म्हटले ते याच भरवशावर. म्हणून तुमच्या घराच्या सुरक्षिततेसाठी सर्वांत मोलाची वस्तू कोणती, तर वन्संची रोजची गोळी. ती चुकू नये, औषधे संपण्याआधी पुढची आणली जावीत, वर्षातून किमान एकदा विषाणूभार तपासला जावा, हे पाहणे म्हणजे घर जपणे आहे. अपमानाने कोपऱ्यात टाकलेली बाई गोळी चुकवू लागते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

रक्ताच्या बाबतीत मात्र साधी शिस्त हवी आणि ती घरातल्या प्रत्येकाला लागू असावी. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि कान टोचायची किंवा काटा काढायची सुई ज्याची त्याची वेगळी असावी. विळीवर भाजी चिरताना वन्संचे बोट कापले, तर इतर कुणाचे कापले असता जे कराल तेच करा : त्यांनी स्वतः फडके दाबून धरावे, जखम धुऊन पट्टी बांधावी, विळी साबणाने स्वच्छ धुवावी आणि रक्त लागलेली भाजी टाकून द्यावी. फरशीवर रक्त सांडले असेल तर हातमोजा किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून ते कागदाने टिपावे, त्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे आणि मग पुसून घ्यावे. मासिक पाळीच्या घड्या कागदात गुंडाळून टाकाव्यात. कपडे नेहमीच्या साबणाने धुतले की पुरते. रक्त तुमच्या धडधाकट त्वचेवर पडले तर साबणाने धुऊन विसरून जा. तुमच्या ताज्या जखमेवर किंवा डोळ्यात गेले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, डोळा नुसत्या पाण्याने धुवा. जखम पिळू नका आणि तिच्यावर ब्लीच ओतू नका. आणि तसेच रुग्णालयात जा. अशा वेळी संसर्ग टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे देता येतात. ती जितकी लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू करावीत तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. वन्सं उपचारावर असल्यामुळे डॉक्टर कदाचित त्यांची गरज नाही असेही म्हणतील, पण ते ठरवणे डॉक्टरांवर सोडा.

तुम्ही विचारलेली नाही, पण मला खरी चिंता वाटते ती मागच्या अडगळीच्या खोलीची. वन्संचे यजमान क्षयाने गेले. क्षय हवेतून पसरतो आणि एचआयव्ही असलेल्या माणसाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असते. म्हणजे या घरात रोगाची वाट एका अर्थाने उलटी आहे : तुमच्या यजमानांचा रेंगाळलेला खोकला वन्संना जितका घातक ठरू शकतो, तितके वन्संच्या हातचे पाणी तुम्हाला कधीच ठरणार नाही. वन्संना खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यांपैकी काहीही जाणवले तर दिवस न मोजता त्यांची तपासणी व्हावी. इतर कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर त्याच्या थुंकीची तपासणी व्हावी. क्षय टाळण्याची प्रतिबंधक औषधे त्यांना मिळाली का, हे त्यांच्या औषध केंद्रात विचारा. आणि त्यांना खिडकी असलेली, उजेडाची खोली द्या. कोंदट खोलीत माणूस डांबून तुम्ही न पसरणाऱ्या रोगाचा बंदोबस्त केलात आणि पसरणाऱ्या रोगाची सोय.

कायद्याबद्दल थोडेसे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचे संरक्षण केवळ बाधित व्यक्तीलाच नाही, तर तिच्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांनाही आहे. उद्या ‘त्यांच्या घरात तसला रोग आहे’ म्हणून तुमच्या मुलीला कुणी शाळेत घेतले नाही, तर हाच कायदा तुमच्या कामाला येईल. अशा घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला घरात राहण्याचा आणि घरातल्या सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क या कायद्याने स्पष्टपणे दिला आहे, म्हणजे तुमच्या भाच्याला तो आहे. वन्संचा आजार कुणाला सांगायचा हे त्यांनीच ठरवायचे असते. शेजारी, भिशीतल्या बायका, तुमच्या माहेरची माणसे यांपैकी कुणाला तुम्ही मन हलके करायला म्हणून सांगितले असेल, तर इथून पुढे थांबा. मन हलके करायचे झाल्यास १०९७ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.

गौरीचा नैवेद्य वन्संना करू द्या. पुरण वाटताना, पोळ्या लाटताना, तळताना त्यांच्या हातून अन्नात काहीही जात नाही. सोळा भाज्या चिरायला तुम्हीही शेजारी बसा, म्हणजे सासूबाईंना लांबून पाहता येईल की तुम्ही त्यांच्याच विळीवर चिरत आहात. माझ्या या पानभर मजकुरापेक्षा त्यांना ते लवकर पटेल.

एक काम मात्र गौरीच्या आधी करा. वन्संची पुढची औषधांची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा. बाळाचे, संडासाचे, उष्ट्याचे असे तुमच्या मनातले सगळे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तिथल्या समुपदेशकाला वन्संच्या समोर विचारा. त्यांनाही यातली काही उत्तरे पहिल्यांदाच मिळतील. जाताना घरातल्या वापरलेल्या सगळ्या सुया एका जाड, झाकणाच्या डब्यात भरून न्या आणि तिथल्या परिचारिकेच्या हवाली करा. त्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, नाहीतर त्या घंटागाडीवाल्याच्या हाताला टोचतील.